जाड आणि तिरकं

हिच्या पहिल्या वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढायची होती. ही इंग्रजी शिकवायची, म्हणून मुखपृष्ठावर नाव दोन्ही लिप्यांत. डीटीपीवाल्या मुलाने टाइम्स न्यू रोमनमध्ये नाव टाकलं आणि बी व आय ही बटणं दाबली. अक्षरं जाड झाली, तिरकी झाली. पण मंडळी, नुसती कलली नव्हती! 'ए'चा आकारच बदलला, सपाट टोकांच्या जागी बोरूने ओढावेत तसे आकडे आले. थेट हिच्या हातचं वळण.

हा साचा मुळात वेगळा काढलेला असतो. व्हेनिसच्या आल्डुसने १५०१ मध्ये तिरक्या टाइपात व्हर्जिल छापला, तो टाइप हस्ताक्षरावरूनच घेतलेला. जाडी मात्र एकोणिसाव्या शतकातली, जाहिरातवाल्यांची.

मग त्याने मराठी नावालाही तीच बटणं दाबली. त्या फॉन्टात तिरका साचाच नव्हता. संगणकाने अक्षरं सरळ कलंडवली. काने वादळातल्या कुंपणासारखे!

"भारी दिसतंय, सर."

"मराठी सरळच ठेव, बाळा," मी म्हटलं. शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहायचा तरी ही आधी पट्टीने रेघ आखून घ्यायची.