खर्जातला गंधार

ख्याल विलंबितातून द्रुताकडे जातो आणि ज्या तबकडीवर तो साठवलेला असतो ती तबकडी मात्र द्रुतातून विलंबिताकडे येते, ही गोष्ट ध्यानात आल्यापासून तिने माझा पिच्छा सोडलेला नाही. सीडी आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेकडे वाचली जाते. आरंभी ती मिनिटाला सुमारे 500 फेरे घेते आणि किरण परिघाकडे सरकेल तसतशी मंदावत अखेरीस 200 फेऱ्यांवर येते, कारण किरणाखालून जाणाऱ्या रेषेचा वेग आरंभापासून अंतापर्यंत एकच असावा असा तिचा दंडक आहे. गवयाने बडा ख्याल आटोपून छोटा ख्याल धरावा, तबल्याची लय चढत जावी आणि नेमकी तेव्हाच खाली फिरणारी तबकडी अधिकाधिक शांत होत जावी, हा विरोध मला प्रथम हिंजवडीतल्या एका शेजाऱ्याच्या घरी दिसला. त्याच्या प्लेअरला वरून उघडणारे धुरकट काचेचे झाकण आहे, आणि पूर्वार्धात नुसते वलय भासणारे तबकडीवरचे छापील नाव उत्तरार्धात लुकलुकू लागते.

एल. पी. ची तऱ्हा याच्या उलट होती. तिचे मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे कायम, आणि सुई बाहेरून आत येणारी. त्यामुळे दर फेऱ्याला सुईच्या वाट्याला येणारी खाच आखूड होत जाई आणि द्रुतातल्या दाणेदार ताना नेमक्या सर्वांत अडचणीच्या जागी येऊन पडत. 1982 साली सोनी आणि फिलिप्स यांनी बाजारात आणलेल्या बारा सेंटिमीटरच्या तबकडीने हा अन्याय दूर केला. तिच्यावरची सर्पिल रेषा उलगडली तर ती 5 किलोमीटरांहून लांब भरते, आणि किरण तिच्यावरून सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी फिरायला निघालेल्या स्वस्थचित्त माणसाच्या चालीने जातो. हिंजवडीच्या शिवाजी चौकातून निघून माणच्या दिशेने कोणी रमतगमत चालू लागला, तर चौऱ्याहत्तर मिनिटांत तो जेवढी वाट तुडवील तेवढीच वाट एका मैफलीची असते. संगीत ऐकण्याचा वेग पायी चालण्याचा आहे, हे ज्या मुलखात मेट्रोच्या खांबांखालून वाहनांच्या रांगा मुंगीच्या पावलाने सरकतात तिथे राहून मला अधिकच पटले आहे.

शेजारी तरुण आहे, फेज दोनमधल्या एका कंपनीत माहितीचे डोंगर रचण्याचे काम करतो, आणि जगातले बहुतेक संगीत त्याच्या खिशातल्या फोनवर हात जोडून उभे असते. तरीही आजोबांच्या पश्चात त्याच्याकडे आलेल्या सीड्यांची पेटी उघडली तेव्हा त्याला प्लेअर घ्यावासा वाटला. त्यांतल्या पुष्कळशा कर्वे रस्त्यावरच्या अलुरकर म्युझिक हाउसमधून आणलेल्या होत्या, आणि ज्यांनी त्या दुकानात उभ्या उभ्या गाणे ऐकले आहे त्यांना अशा पेटीचे मोल निराळे सांगायला नको. निवड करायला जाताना त्याने मला बरोबर नेले. दुकानदाराने रीतसर आपली नमुन्याची तबकडी लावली. ढोल घुमले, काचा थरारल्या. शेजाऱ्याने अदबीने ती थांबवायला सांगितली, पेटीतली एक सीडी पुढे केली आणि गवयाने तोंड उघडण्यापूर्वीचा अर्धा मिनिट, ज्यात केवळ तंबोरे वाजतात, तेवढाच पुन्हा पुन्हा ऐकला. "काका, गाणं कशावरही बरंच लागतं हो; तंबोरा लावला की यंत्र उघडं पडतं," तो म्हणाला.

यात काही गूढ नाही. सीडीवर ध्वनीची उंची 65,536 पायऱ्यांत मोजलेली असते. जोरकस आवाज वरच्या हजारो पायऱ्यांवर ऐसपैस वावरतो, पण छेडलेल्या तारेचा विरत जाणारा नाद शेवटच्या मोजक्या पायऱ्यांवर येऊन ठेपतो, आणि आकड्यांचे पुन्हा ध्वनीत रूपांतर करणारा भाग सदोष असेल तर त्या पायऱ्या समान उंचीच्या राहत नाहीत. फिलिप्सच्या अगदी पहिल्या प्लेअरांत हा भाग चौदाच बिटांचा होता आणि ती उणीव चौपट वेगाने नमुने घेऊन भरून काढलेली होती. पुढे आलेल्या सोळा बिटांच्या टीडीए 1541 या चिपची चाहते आजही ठेव्यासारखी जपणूक करतात. आम्ही मरांट्झ ऐकला, डेनॉन ऐकला, आणि नुसती तबकडी वाचून आकडे दुसऱ्या पेटीच्या स्वाधीन करणारा ट्रान्स्पोर्टही ऐकला. फरक सूक्ष्म होते. एकावर तंबोरा स्वच्छ पण कोरडा लागे. दुसऱ्यावर तारा सुट्या न राहता त्यांच्यामागे एक पडदा धरला जाई, आणि त्या पडद्यात, कोणी न छेडलेला, गंधार उमटे.

हा गंधार स्वयंभू आहे. तंबोऱ्याला चार तारा: एक पंचमाची, दोन जोडाच्या, एक खर्जाची. गंधाराची तार त्यांत नाही. परंतु खर्ज अचूक मिळाला आणि जवारी नीट लागली असली, तर खर्जाच्या पाचव्या उपस्वरातून गंधार आपोआप प्रकट होतो. जवारी म्हणजे घोडीच्या माथ्याची अशी सूक्ष्म बाकदार घासणी, की कंप पावणारी तार त्या माथ्याला किंचित स्पर्शत राहावी. आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवून तो स्पर्श कारागीर मनाजोगा करून घेतो. दोरा केसभर पुढे गेला तर तार मुकी, केसभर मागे आला तर ती नुसती करकरते.

ही विद्या महाराष्ट्रात मिरजेची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. पोलादाची धार ओळखणारी बोटे नादाची धार ओळखू लागली, या संक्रमणाइतका सुंदर धंदेपालट माझ्या ऐकिवात नाही. भोपळे यायचे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. ते वाळवायचे, कापायचे, त्यांवर तूनच्या लाकडाची तबली बसवायची, गळा जोडायचा, आणि सर्व झाल्यावर जवारीला बसायचे. त्या वेळी कारागीर डोळ्यांचा उपयोग जवळजवळ करीतच नाही: कानस दोनदा फिरवतो, तार चढवतो, मान कलती करून ऐकतो, पुन्हा तार उतरवतो. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले याचा मला आनंद आहे. पण मानांकनाचा दाखला गावाला मिळतो, कान मात्र एकेका माणसाला एकेकट्याने कमवावा लागतो. विजेवर वाजणाऱ्या तंबोऱ्याच्या पेटीची सोय मी नाकारीत नाही. तिच्या सोबतीने मला गाणे ऐकवत नाही, एवढेच.

मिरजेतच अब्दुल करीम खाँ साहेब स्थायिक झाले, आणि 1937 साली दक्षिणेत प्रवासात देहावसान झाल्यावर त्यांना तिथेच आणून दफन केले. 1934 च्या सुमारास आणि नंतर मुद्रित झालेल्या त्यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या पुढे सीडीवर आल्या. त्यांत खरखर पुष्कळ आहे, तथापि चांगल्या प्लेअरवर त्या खरखरीच्या पलीकडे तंबोऱ्यांची धूसर जाग लागते आणि खाँ साहेबांचा स्वर त्या गंधाराला इतका बिलगून उभा राहतो की गळा कोणता आणि तार कोणती हे क्षणभर सांगता येत नाही.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांना नेमके हेच मोजायचे होते. ते सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर. जमाबंदी आणि वसुलीचे आकडे ज्यांच्या हाताखालून आयुष्यभर गेले, त्या गृहस्थाने पेन्शनीत तारेची लांबी मोजायला घेतली आणि खाँ साहेबांच्या गळ्याच्या साहाय्याने बावीस श्रुतींचे गणित मांडून 1910 साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. क्लेमंट्स नावाचे एक आय. सी. एस. अधिकारीही या कामात रमले. त्यांचे सर्व निष्कर्ष पुढच्या पंडितांनी मान्य केले नाहीत, पण सरकारी दफ्तरात मुरलेल्या माणसाने एका गवयासमोर बसून कानाची साक्ष आकड्यांत उतरवू पाहावी, ही वृत्तीच मला वंदनीय वाटते. हिंजवडीच्या तीन फेजांत आज तरंगांचे गणित देवलांहून कितीतरी सरस जाणणारी माणसे हजारोंनी आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याने सुटी टाकून मिरजेची गाडी धरावी, जवारी काढणाऱ्याच्या शेजारी बसून प्रत्येक घासणीनंतरचा नाद मुद्रित करावा आणि कोणत्या घासणीला गंधार जागा झाला याची तपशीलवार नोंद ठेवावी. आज कानस धरणाऱ्या जाणत्या हातांचे हे ज्ञान अजून कोणत्याही तबकडीवर पुरतेपणी उतरलेले नाही, आणि ते उतरवण्याला लागणारी सारी साधने आपल्याच गावात आहेत.