धोंड्याचा मार कोणत्या सांध्याने घ्यावा

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत घाटाच्या पायथ्याशी आढळणारा दगड बहुतेक बेसॉल्ट, म्हणजे दख्खनचा काळा कातळ, असतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून घडलेला हा दगड साध्या पोलादापेक्षा कठीण असल्याने गाडीचे पोट त्याला घासले की ओरखडा पोलादावर उमटतो. उल्हास, पेज किंवा पाताळगंगा यांच्या काठचे धोंडे पाण्याने गोलावलेले आणि पावसाळ्यात शेवाळाने निसरडे झालेले असतात, त्यामुळे त्यांच्यावरून चाक सरकते आणि गाडी कुशीवर येऊन बसते. उलट कड्यांखाली कोसळून साचलेला दगड टोकदार असल्याने तो एकाच जागी सगळा भार घेऊन घुसतो. दोन्ही प्रसंगी मार खाणारा भाग एकच, आणि तो म्हणजे दाराखालची पत्र्याची पोकळ पट्टी. ती चेपली की दार नीट लागत नाही.

या पट्टीच्या खाली, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, चासीला जोडून जो जाड नळीचा किंवा चौकोनी पाइपाचा दांडा बसवतात त्याला रॉक स्लायडर म्हणतात. पाय ठेवून गाडीत चढण्यासाठी बाजारात मिळणारा फूटबोर्ड दिसायला त्यासारखाच असला तरी त्याचे काम माणसाचे वजन पेलण्याचे आहे, तर स्लायडरने गाडीचे निम्मे वजन पेलत दगडावरून घसरून पुढे जायचे असते. महिंद्र थार, फोर्स गुरखा, मारुती जिप्सी आणि जिम्नी या गाड्यांची बांधणी शिडीसारख्या चासीची आहे. वरची बॉडी या चासीवर रबराच्या गाद्यांवर बसते आणि रस्त्यावर चासीच्या तुलनेत थोडी हलत राहते. म्हणून स्लायडर फक्त चासीलाच धरलेला असावा आणि त्याच्यात व बॉडीत बोटभर तरी मोकळी जागा असावी, याबद्दल दुमत नाही. दुमत आहे ते चासीला तो वेल्डिंगने कायमचा जोडावा की नट-बोल्टने कसावा याबद्दल, आणि ही चर्चा बहुधा ‘जास्त मजबूत काय’ या प्रश्नावर येऊन अडते. सांधा तुटतो की नाही यापेक्षा मार मोठा असला तर आधी काय वाकेल हे ठरवणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते बसवणाऱ्याच्या हातात असते.

स्लायडरचा पाय, म्हणजे चासीपासून बाहेर आलेला आडवा तुकडा, साधारण २५ सेंटिमीटर लांब असतो. त्याच्या टोकाला खालून एक टनाचा रेटा बसला आणि चासीवर टेकलेली प्लेट १० सेंटिमीटर उंचीची असली, तर तरफेच्या हिशेबाने प्लेटच्या खालच्या कडेला अडीच टनांची ओढ आणि वरच्या कडेला तेवढाच दाब येतो. ही ओढ वेल्डने घ्या की बोल्टने, पलीकडची चासीची भिंत अनेक गाड्यांत जेमतेम तीन मिलिमीटरची असते, आणि खरी नाजूक जागा तीच. प्लेट उंच केली की बळ त्याच प्रमाणात घटते. ती चासीच्या खालच्या अंगाला वळवून घेतली की वरचा रेटा थेट चासीच्या तळाला टेकतो. स्लायडर बनवणाऱ्याचे निम्मे कौशल्य या प्लेटच्या आकारात असते. दुकानात मात्र तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही, कारण गिऱ्हाईक नळीचा व्यास विचारते. नळीबद्दलही एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. सहज मिळतो म्हणून वापरला जाणारा ‘बी क्लास’ पाइप आयएस १२३९ या मानकाचा, मुख्यतः पाणी आणि वायू वाहण्यासाठी केलेला असतो; बांधकामातल्या ताणासाठी आयएस ११६१ च्या गोल नळ्या आणि आयएस ४९२३ चे चौकोनी पोकळ पाइप आहेत, आणि ते मिळवणे अवघड नाही.

वेल्डिंगच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. चांगला वेल्ड झिजत नाही, सैल होत नाही, त्यात वाजणारे काही नसते, आणि बळ प्लेटच्या सगळ्या कडेभर पसरते. पण वेल्डच्या कडेलगत, जिथे वितळलेला धातू थांबतो आणि न वितळलेला सुरू होतो, तिथे उष्णतेने पोलादाचा पोत बदलतो. अलीकडच्या चासींत वापरलेल्या अधिक ताकदीच्या पोलादात ही पट्टी भोवतालच्या मानाने नरमही पडू शकते, आणि थकव्याचा तडा सुरू होतो तो बहुतेकदा याच रेषेवर. म्हणून चासीवर उभी, म्हणजे तिच्या लांबीला काटकोनात जाणारी वेल्डची रेघ ओढू नये, वरच्या आणि खालच्या कडेपर्यंत वेल्ड नेऊ नये, आणि प्लेटची टोके तिरकी कापून वेल्डची रेघ चासीच्या लांबीकडे झुकवावी, असे जाणकार सांगतात. तडा रंगाखाली लपला तरी एक खूण सोडतो. धुतलेल्या गाडीखाली बॅटरी धरून पाहिले असता वेल्डच्या पायथ्याशी केसाएवढी तांबूस रेघ खाली ओघळलेली दिसली, तर तो वरवरचा गंज समजून पुसून टाकू नये. आत शिरलेले पाणी तिथून बाहेर येत असते.

कर्जतच्या हवेत या कामाला आणखी अडचण येते. तालुक्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. चासीसारख्या कामाला योग्य असलेला ७०१८ जातीचा रॉड हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि ओलसर रॉडने केलेल्या वेल्डमध्ये बारीक छिद्रे आणि हायड्रोजनमुळे पडणारे तडे राहतात. म्हणून तो भट्टीत तापवून कोरडा ठेवावा लागतो. सीओटू वेल्डिंग करावे तर उघड्या पडवीत वाऱ्याची झुळूक संरक्षक वायू उडवून नेते. त्यात गाडी उलटी करता येत नसल्यामुळे कारागिराला चासीखाली निजून, डोक्यावर धरून किंवा उभ्या रेघेत वेल्ड ओढावा लागतो, आणि वेल्डिंगमधली सर्वांत कठीण कसरत हीच. फार्महाउसांच्या फाटकांनी आणि खिडक्यांच्या ग्रिलांनी नेरळपासून चौकपर्यंत वेल्डिंगची दुकाने वाढवली आहेत, त्यांतले कित्येक कारागीर हाताने उत्तम आहेत. पण फाटकाचा वेल्ड चुकला तर फाटक लोंबते, चासीचा चुकला तर ते वेगात धावताना कळते. चासीच्या आतल्या बाजूने ब्रेकच्या नळ्या, डिझेलची नळी आणि वायरिंग गेलेले असते, आणि बंद पेटीसारख्या चासीच्या आत कारखान्यात फवारलेला गंजरोधक लेप वेल्डच्या उष्णतेने जळतो. तो आतून पुन्हा लावण्याची तसदी क्वचितच कोणी घेते.

बोल्टच्या सांध्याविषयीचा सर्वसाधारण समज असा की बोल्ट खिळ्यासारखा आडवा उभा राहून भार घेतो. प्रत्यक्षात नीट कसलेला बोल्ट ताणलेल्या स्प्रिंगसारखे काम करतो: तो दोन प्लेटी एकमेकींवर दाबून धरतो आणि घसरण रोखते ती त्यांच्यामधली घर्षणाची पकड. डोक्यावर ८.८ कोरलेला १२ मिलिमीटरचा बोल्ट योग्य टॉर्कने आवळला तर सुमारे पावणेचार टनांचा दाब देतो. घर्षणाचा गुणांक ०.२ धरला तर एकेक बोल्ट साडेसातशे किलोंच्या आसपास घसरण थोपवतो, आणि एका पायाला चार बोल्ट असले की तीन टन होतात. हा हिशेब मोडतो तो तीन कारणांनी. पेटीच्या चासीत आरपार बोल्ट घालून आत आधाराची नळी न दिल्यास आवळताना भिंतीच आत दबतात आणि दाब टिकत नाही. प्लेटींच्या मध्ये रंगाचा जाड थर राहिला तर तो काही दिवसांत चेपून बोल्ट सैल पडतो. आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा आवळण्याचे काम लांबणीवर पडते. सैल झालेला सांधा वायसरभोवती लालसर भुकटीचे कडे दाखवतो, आतली घासलेली जागा चकाकते, आणि तरीही गाडी चालत राहिली तर भोक लांबट होते. मग साध्या आवळण्याने भागत नाही. चासीला भोक पाडायचेच नसेल तर तिला दोन्ही अंगांनी प्लेटी लावून बोल्ट वरून आणि खालून नेता येतात. खोपोलीहून बोरघाट चढणाऱ्या मालवाहू ट्रकांकडे पाहिले तर वेल्ड टाळण्याचीच रीत दिसते. चासीच्या लांब पट्ट्यांना आडवे तुकडे परंपरेने रिव्हेटने जोडलेले असतात, आणि वरचा हौदा अनेक ठिकाणी यू-बोल्टने धरलेला असतो. मालट्रक दिवसरात्र पिळवटला जातो, आणि पिळवटणाऱ्या पट्टीवर वेल्ड नको हा त्यामागचा जुना अनुभव आहे.

भातखाचरांचा चिखल हा बोल्टच्या बाजूने आणि विरुद्ध दोन्हींकडे साक्ष देतो. प्लेटीच्या वळणात अडकलेला चिखल दसऱ्यापर्यंत ओलावा धरून ठेवतो आणि आटे गंजवतो, हे खरे. पण स्लायडर उतरवता येत असल्यामुळे त्याच वेळी मागची चासी धुता, खरवडता आणि रंगवता येते. वेल्ड केलेल्या प्लेटीची मागची बाजू कधीच दिसत नाही. दोन्ही प्रकारांत नळीच्या तळाला पाणी निघायला भोक ठेवावे, नाहीतर दांडा आतून कुजतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने पुढच्या क्रॅश गार्डविरुद्ध याच आधारे राज्यांना कळवले होते. स्लायडर गाडीच्या रुंदीबाहेर काढणे त्या दृष्टीनेही शहाणपणाचे नाही, आणि उतरवता येणारा सांधा इथेही सोयीचा.

म्हणून शनिवारी मुंबईहून द्रुतगती मार्गाने येऊन सोमवारी परत जाणाऱ्या नव्या थारसारख्या गाडीला बोल्टचा स्लायडरच योग्य ठरतो, फक्त त्यात मार खाण्याचा क्रम आधी ठरवलेला हवा: पहिल्यांदा पाय वाकावा, मग बोल्टने सोडावे, आणि चासीच्या भिंतीपर्यंत काही पोचू नये. त्यासाठी पाय मुद्दाम प्लेटीपेक्षा हलका ठेवतात. अतिबळकट पाय आणि पातळ प्लेट ही जोडी, कितीही बोल्ट लावले तरी, उलटा क्रम पत्करते. पाय आणि दांडा यांच्यातला वेल्ड मात्र दुकानात टेबलावर उलटापालटा करून, कोरड्या रॉडने, सोयीच्या अंगाने घालता येतो, आणि वेल्डिंगला तिथे तोड नाही.

उरते ती जुनी जीप, जिची चासी पन्हाळीसारखी उघडी आहे, जागोजागी पूर्वीच पट्ट्या मारलेल्या आहेत, आणि जी आता रस्त्यावर न जाता खासगी जमिनीवरच्या दगडांतच चालते. तिथे वेल्ड करायला हरकत नाही, कारण उघड्या चासीची आतली बाजू दिसते, रंगवता येते, आणि तडा आला तर तोही दिसतो. अशा जीपला तिरक्या कडांच्या प्लेटी आधी चासीवर वेल्ड करून स्लायडर त्या प्लेटींना बोल्टने बसवणारेही कारागीर आहेत. काम दुप्पट होते, पण वाकलेला दांडा बदलताना चासीवर ग्राइंडर लावावा लागत नाही.