उंट बांधताना

२०१८ च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघे जर्मनीला गेलो. मुलगा कोलोन शहरात नोकरीला, सुनेचे दिवस भरत आलेले. तीन महिने राहायचे, नातवंडाचे तोंड पाहायचे आणि परत यायचे, एवढाच बेत होता. आम्ही दोघेही निवृत्त शिक्षक. त्यापूर्वी परदेश म्हणून पाहिलेला तो फक्त उमराचा प्रवास. त्या वेळी टूरवाल्याने पासपोर्ट नेले आणि व्हिसा लावून परत आणून दिले. काय भरले, काय नाही, याची आम्हाला खबरही नव्हती. या वेळी मात्र कागद आमचे आम्हालाच जमवायचे होते. बँकेचे पासबुक, पेन्शनचा दाखला, मुलाचे हमीपत्र, तिकिटाचे आरक्षण अशा यादीत एक ओळ होती: प्रवास आरोग्य विमा, किमान तीस हजार युरोंचा.

यादीतल्या बाकी सगळ्या गोष्टी आठवड्यात जमल्या. या एका ओळीने आमचा महिना खाल्ला.

युरोपातल्या शेंगेन देशांचा नियम सरळ आहे. त्यांच्या २००९ च्या व्हिसा संहितेत तो लिहिलेला आहे. येणाऱ्या पाहुण्याकडे तीस हजार युरोंचे संरक्षण देणारा विमा हवा. तो सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा आणि मुक्कामाचे सगळे दिवस त्यात यायला हवेत. अचानक आलेले आजारपण, तातडीचा दवाखाना, आजारी माणसाला मायदेशी पोचवणे आणि मृत्यू, एवढ्यांचा खर्च त्यात धरलेला हवा. हा शेवटचा शब्द आम्ही पहिल्या वाचनात डोळ्यांआड केला.

आमच्या घरात विम्याचा विषय कधी निघाला नव्हता. स्कूटरचा विमा होता, पण तो सरकार सक्तीने काढायला लावते म्हणून. पगारातून विम्याचा हप्ता कापून घ्यायला आम्ही तरुणपणीच नकार दिला होता. त्यात व्याज आहे, अनिश्चिततेचा सौदा आहे, जुगाराचा अंश आहे, हे आम्ही मोहल्ल्यात ऐकत आलो होतो. शिवाय अल्लाहवर भरवसा असलेल्या माणसाने उद्याच्या संकटाची किंमत आजच का मोजावी, हा प्रश्न होताच.

जुम्याच्या नमाजनंतर आम्ही इमामसाहेबांना विचारले. माणूस वयाने आमच्या मुलाएवढा, पण सबुरीने बोलणारा. त्यांनी आधी आम्हाला वाचायला लावले. १९८५ मध्ये जेद्दाहच्या इस्लामी फिक्ह अकादमीने नफ्यासाठी चालणारा व्यापारी विमा नाजायज ठरवला, पण लोकांनी एकमेकांच्या मदतीसाठी वर्गणी काढून चालवलेला विमा जायज ठरवला. त्यालाच तकाफुल म्हणतात. सुदानमध्ये १९७९ साली अशी कंपनी निघाली, मलेशियाने १९८४ मध्ये तिच्यासाठी कायदा केला. उलट सीरियाचे विद्वान मुस्तफा झरका यांच्यासारख्यांनी साध्या विम्यालाही परवानगी आहे असे मत मांडले. आपल्याकडच्या काही उलेमांनीही दंगलीत होणारी जीविताची आणि मालमत्तेची हानी पाहून विम्याला मोकळीक दिली. म्हणजे सगळे एका तोंडाने बोलत नाहीत. आपल्या देशात तकाफुलची कंपनी नाही आणि विम्याशिवाय व्हिसा नाही.

"मजबुरी आहे, तेवढ्यापुरता काढा," इमामसाहेब म्हणाले. "पण सामान हरवण्याचे, विमान चुकण्याचे चमचमीत पदार्थ ताटात वाढून घेऊ नका. आणि फॉर्म भरताना खोटे बोलू नका. विमा जायज की नाजायज यावर उलेमांचे दुमत असेल, खोट्यावर नाही."

फॉर्मात खोटे कशाला बोलावे लागेल, हे तेव्हा आम्हाला कळले नाही. ते तालुक्याच्या गावी ट्रॅव्हल एजंटाच्या दुकानात कळले. आमच्यापैकी एकीला पंधरा वर्षांचा मधुमेह. दुसऱ्याला रक्तदाब, आणि २०१४ मध्ये अँजिओप्लास्टी झालेली. एजंटाने विमा कंपनीचा फॉर्म संगणकावर उघडला. पूर्वीपासून काही आजार आहे का, असा प्रश्न आला, आणि आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच त्याने दोघांच्याही नावापुढे 'नाही' टाकले.

"अहो, आहे ना," आम्ही म्हणालो.

"सर, सगळे 'नाही'च लिहितात. 'हो' लिहिले की पैसे वाढतात, नाहीतर पॉलिसीच मिळत नाही. व्हिसावाल्यांना फक्त कागद हवा असतो."

त्याचे म्हणणे एका अर्थी खरे होते. व्हिसा देणाऱ्याला तीस हजारांचा आकडा आणि तारखा दिसल्या की पुरे. पण आम्हाला त्याच वेळी आमच्या एका नातलगांची आठवण झाली. ते लेकीकडे अमेरिकेत गेले होते. तिथे पाहुण्याच्या व्हिसासाठी विमा सक्तीचा नाही, तरी जावयाने आग्रहाने काढायला लावला. फॉर्मात त्यांनी हृदयाचे दुखणे लिहिले नाही. तिसऱ्या आठवड्यात छातीत कळ आली. तीन रात्री दवाखान्यात काढल्या. माणूस बचावला, पण कंपनीने जुने कागद मागितले आणि त्यांच्याच खिशातल्या औषधांच्या चिठ्ठीने सगळे उघडे पाडले. दावा फेटाळला गेला. लेक आणि जावई ते बिल कित्येक महिने हप्त्याने फेडत होते. नातलग परत आले ते मान खाली घालून. लेकीच्या घरी पुन्हा जायचे नाव त्यांनी काढले नाही.

विम्याच्या कायद्यात परम सद्भाव नावाचे एक तत्त्व आहे. घेणाऱ्याने आपल्याबद्दलची महत्त्वाची प्रत्येक गोष्ट न विचारताही सांगावी, अशी त्यात अपेक्षा असते. दुकानदाराने मालातला दोष गिऱ्हाइकाला दाखवावा, ही आपल्याकडची शिकवण याहून वेगळी नाही. इथे फक्त दोष दाखवणारे गिऱ्हाईक आहे आणि माल म्हणजे त्याचेच शरीर. आम्ही एजंटाला दोन्ही 'नाही' खोडायला लावले. पैसे वाढले. एका कंपनीने अँजिओप्लास्टी वाचून नकारच कळवला. एजंट हसला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर 'मास्तर आहेत, चालायचेच' असे स्पष्ट लिहिलेले होते.

शेवटी तीन पॉलिस्या आम्ही घरी आणल्या आणि परीक्षेचे पेपर तपासावेत तशा लाल पेन घेऊन बसलो. पहिली सगळ्यात स्वस्त. जाहिरातीचे पान देखणे, पण आतल्या बारीक अक्षरांत जुन्या आजारातून उद्भवलेले काहीही देणार नाही, असे लिहिलेले. म्हणजे आमच्या बाबतीत तिचा उपयोग पाय मोडला तरच. दुसरीत जुना आजार अंशतः धरलेला होता. जीवावर बेतले तर तेवढ्यापुरता आणि एका ठरावीक रकमेपर्यंत. नेहमीची तपासणी, औषधे यांना काही नाही. तिसरीचा आकडा सगळ्यात मोठा, तीस हजारांच्या दुप्पट. पण साठ वर्षांवरच्यांसाठी आत पोटमर्यादा होत्या. खोलीला रोजचे इतके, शस्त्रक्रियेला इतके, भूल देणाऱ्याला इतके. वर मोठा आकडा आणि खाली लहान लहान कुंपणे.

प्रत्येकीत आणखी एक कलम होते. दर दाव्यात पहिले शंभर डॉलर आपले आपण भरायचे, त्यावरचे कंपनी देणार. आणि दवाखान्यात दाखल व्हायचे झाले तर आधी, ते शक्य नसेल तर लवकरात लवकर, दिलेल्या मदत क्रमांकावर फोन करायचा. हा फोन केला नाही म्हणून पुढे कटकटी होतात, असे मुलाने बजावून सांगितले. आम्ही तो क्रमांक दोन चिठ्ठ्यांवर लिहिला आणि एकेक चिठ्ठी एकेकाच्या पाकिटात ठेवली. दुसरी पॉलिसी पक्की केली. मुक्काम सत्त्याऐंशी दिवसांचा, विमा नव्वद दिवसांचा घेतला. विमान रद्द होऊन दोन दिवस जास्त राहावे लागले तर उघड्यावर नको.

आता राहिला तो डोळ्यांआड केलेला शब्द. कलमाचे शीर्षक होते 'पार्थिव मायदेशी पाठवणे'. पार्थिव नेण्याचा खर्च कंपनी देईल किंवा त्याऐवजी तिथेच दफन केले तर ठरावीक रकमेपर्यंत तो खर्च देईल, असे त्यात लिहिलेले होते. 'किंवा' हा शब्द आम्ही दोघांनीही वाचला आणि लाल पेन खाली ठेवले.

इशाची नमाज झाली. जेवणे झाली. मग एकाने विषय काढला. लग्नाला सदतीस वर्षे झाली होती. घर, मुलांची शिक्षणे, कर्ज, सगळ्यावर आम्ही बोललो होतो, भांडलोही होतो. आपल्यापैकी कोण कुठे पुरले जाईल, यावर एक शब्दही बोललो नव्हतो. गृहीत होते. गावचे कबरस्तान, आंब्याखालचा तो कोपरा, जिथे दोन पिढ्या निजल्या आहेत.

हजला गेलेला माणूस तिथे वारला तर आपण त्याला नशीबवान म्हणतो. मय्यत गावी आणायची गोष्टही कुणी काढत नाही. मग जर्मनीत मरण आले तर ती माती परकी कशी? दुसरीकडे मय्यत आणायची म्हणजे देहावर रसायने, बंद पेटी, वकिलातीचे कागद आणि जनाजा खोळंबलेला. दफन लवकर व्हावे, ही तर आपली रीत. पण तिथलेही सोपे नव्हते. मुलाने पूर्वी सांगितले होते की जर्मनीत कबर कायमची नसते, ठरावीक वर्षांच्या करारावर मिळते. मुदत वाढवली नाही तर जागा दुसऱ्याला जाते. तेव्हा आम्ही हळहळलो होतो. त्या रात्री मात्र आमच्यातल्या एकीने सहज विचारले, "मुंबईच्या कबरस्तानात तरी काय वेगळे? काही वर्षांत त्याच जागी दुसरा येतोच की."

आम्ही ठरवले. जिथे मरण तिथे माती. मुलाला फोन करून सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "अम्मी, हे आत्ता कशाला?"

"फॉर्मात आहे म्हणून," आम्ही सांगितले. त्याने पुढे काही विचारले नाही.

निघण्याआधी आमच्या चाचांना भेटायला गेलो. चाचा ऐंशी ओलांडलेले, सारी उमर जहाजावर गेलेली. वाटले होते, विम्याचे ऐकून रागावतील. ते उलट आमच्याच अज्ञानावर हसले. "जहाज विम्याशिवाय बंदर सोडत नाही. माल वेगळा, जहाज वेगळे. आम्ही 'बिस्मिल्लाह' म्हणून चढायचो आणि मालक कागद करून झोपायचा." मग त्यांनी मुंबईतली डोंगरीकडची गावच्या जमातीची खोली आठवली. नोकरी मिळेपर्यंत तिथे पथारी टाकायची, पहिला पगार झाला की वर्गणी द्यायची. कुणी जहाजी वारला तर त्याच वर्गणीतून कफन-दफन आणि घरच्यांना काही महिने मनीऑर्डर. "त्याला तुम्ही काय म्हणता ते तुम्हीच बघा. आम्ही जमात म्हणायचो."

जर्मनीत आम्हाला त्याची आठवण झाली. तिथल्या तुर्की लोकांच्या मशिदींच्या संघटनेचा दफन निधी आहे. घरटी वर्गणी भरायची आणि कुणी वारला की मय्यत वतनात पोचवण्याचा खर्च निधीतून होतो. फिक्हच्या ग्रंथांत ज्याची चर्चा आहे, ते कामगार म्हणून आलेल्या साध्या माणसांनी करून ठेवले होते. आपली माणसे आखातात, आफ्रिकेत, विलायतेत एवढी पसरली आहेत. जमातीची ती खोली मात्र आपण मोडली आणि तिच्या जागी काही उभे केले नाही, हे तिथे टोचले.

मे महिन्यात नात झाली. त्याच महिन्यात रमजान आला. तिथला रोजा अठरा तासांच्या वरचा. एकीला मधुमेहामुळे रोजे नव्हतेच, तरी पाणी कमी पिऊन तिला लघवीचा जंतुसंसर्ग झाला आणि एका रात्री सणकून ताप भरला. मुलाने ११६११७ या क्रमांकावर फोन केला. अवेळी डॉक्टर हवा असेल तर तिथे हा नंबर लावतात, जीवावरचे असेल तर ११२. डॉक्टरांनी तपासले, औषध दिले, चार दिवसांत बरे वाटले. बिल सत्तरेक युरोंचे झाले. आम्ही पॉलिसी काढून पाहिली. पहिले शंभर डॉलर आपले. विम्याचा एक पैसाही मिळाला नाही, आणि कलम आधी वाचलेले असल्यामुळे वाईटही वाटले नाही.

ईद झाल्यावर एका रविवारी मुलगा आम्हाला फिरायला घेऊन गेला. मोठी झाडे, स्वच्छ वाटा, बाक. आम्हाला बागच वाटली. थोडे चालल्यावर तो थांबला आणि हात दाखवून म्हणाला, "मुसलमानांचा भाग त्या बाजूला आहे. किब्ल्याकडे तोंड करून दफन करता येते. मी चौकशी केली आहे." एवढेच बोलला आणि नातीची गाडी पुढे ढकलू लागला. आम्ही दोघांनी तिथल्या लोकांसाठी फातिहा पढली. त्याने फोनवर काही विचारले नव्हते, पण ऐकले सगळे होते.

जुलैच्या पाच तारखेला आम्ही सुखरूप परतलो. चाचांना खजूर घेऊन गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मग, विम्याचे पैसे?"

"पुरते वाया गेले, चाचा."

"अल्हम्दुलिल्लाह," चाचा म्हणाले. "सगळ्यांचे असेच वाया जावोत."

आता मोहल्ल्यातून कुणी मुलांकडे जायला निघाले की आमच्याकडे कागद घेऊन येतात. रसूलुल्लाहनी बदूला आधी उंट बांधायला सांगितले आणि मग भरवसा ठेवायला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. आम्ही फक्त दोर कुठे कमजोर असतो ते दाखवतो. तारखा पाहा, वयाच्या पोटमर्यादा पाहा, पहिले पैसे कुणाचे ते पाहा. आजार असेल तर 'हो' लिहा. आणि ते शेवटचे कलम घरात बसून, दोघांनी मिळून वाचा. त्या रात्री थोडे जड जाते. नंतर प्रवास हलका होतो.