तिरपा पळणारा हिरो

गेम प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या त्या तरुणाचा पहिला गेम अगदी साधा होता: वरून दिसणारं मैदान, मधोमध चौकोनी हिरो आणि बाणांच्या चार कळा. उजवी कळ दाबली की एक्समध्ये ५ मिळवायचे, वरची दाबली की वायमध्ये ५. दहा वर्षांच्या भाच्याने मात्र दोन्ही कळा एकदम दाबल्या आणि हिरो तिरपा सुसाट सुटला. "मामा, असं जास्त जोरात जातो!"

भाच्याला सापडला होता काटकोन त्रिकोणाचा कर्ण. बाजू ५ आणि ५, तर कर्ण ७.०७. म्हणजे वेग ४१ टक्क्यांनी जास्त. १९९३ सालच्या 'डूम' या गेममध्येही हेच आहे. पुढे पळण्याचा जोर ५०, बाजूला सरकण्याचा ४०. दोन्ही एकदम केलं की ६४. कमीत कमी वेळात गेम संपवणाऱ्या खेळाडूंनी त्याचं रीतसर तंत्रच बनवलं.

मामाने उपाय केला. आधी एक्स आणि वाय मिळून होणाऱ्या सदिशाला त्याच्याच लांबीने भागायचं, म्हणजे लांबी १ होते आणि उरते नुसती दिशा. मग तिला वेगाने गुणायचं. तिरपं जाताना एक्स आणि वाय, दोन्हींच्या वाट्याला ३.५४ येतात.

गेम सुरू केला, तर हिरोच गायब! एकही कळ दाबलेली नव्हती, लांबी शून्य होती आणि शून्याला शून्याने भागलं गेलं होतं. उत्तर आलं 'नॅन', म्हणजे 'ही संख्याच नव्हे'. ते हिरोच्या जागेत मिळवल्यावर जागाही नॅन झाली. लांबी शून्य असेल तर भागू नये, अशी एक ओळ वाढली.

मग गेममध्ये राक्षस आला. त्याच्या अंतराचं कोडं त्यामानाने लवकर सुटलं. हिरो ६ एककांच्या आत आला की राक्षसाने अंगावर यायचं. हिरो राक्षसापासून ३ उजवीकडे, ४ वर. वर्गांची बेरीज २५, सहाचा वर्ग ३६, आला टप्प्यात. वर्गमूळ काढायची गरजच नाही, कारण राक्षसाला अंतराचा आकडा नकोच असतो, हो की नाही एवढंच हवं असतं. 'डूम'ने तर अंदाजावरच भागवलं: मोठ्या बाजूत लहान बाजूची निम्मी मिळवायची. ४ अधिक १.५, म्हणजे ५.५. खरं उत्तर ५. पण त्या काळच्या संगणकांना वर्गमूळ महाग पडायचं.

रविवारी भाचा पुन्हा आला. दोन्ही कळा दाबून त्याने थोडा वेळ पाहिलं.

"मामा, हा आता तिरपा पळताना दमतो का?"