राहुटीचे ऋण

संत तुकाराममहाराजांची पालखी देहूहून निघाली, की दुसऱ्या दिवशी ती आमच्या आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरात मुक्कामास येते. नारायणमहाराजांनी १६८५ साली सुरू केलेल्या या सोहळ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहावयाचे आहे ते वारकऱ्यांच्या डोक्यावरील कापडाविषयी. सेवानिवृत्तीनंतर मी एका दिंडीबरोबर चालू लागलो, आणि 'मास्तर नीटनेटके' म्हणून राहुटी माझ्या स्वाधीन झाली.

ती उभारण्याची विद्या मी आठ दिवसांत शिकलो. जागा उंचवट्याची असावी. वाळक्या फांद्यांच्या झाडाखालची नसावी. मेखेचे डोके राहुटीपासून दूर कलते ठेवून ती ठोकावी, म्हणजे ताणाने उपटत नाही. चढाच्या अंगास चर खणावा. सुती दोर भिजले की आखडतात, म्हणून पावसापूर्वी तणावे किंचित सैल करावेत. जाड सुती कापडाचे धागे पाण्याने फुगून छिद्रे बुजतात. मात्र आतून बोट लावले, की तेथूनच ठिबक सुरू होते. एवढे आले आणि आपण पारंगत झालो, असे मला वाटले.

पंढरपूरहून परतताना राहुटी ओलीच गुंडाळली होती. घरी येताच ती उन्हात पसरावयाची होती. परंतु ऊन पडेना, मग श्रावण आला, गणपती आले, आणि ती माळ्यावरच राहिली. उघडली ती थेट पुढल्या ज्येष्ठात. कुबट वास येत होता, घड्यांवर बुरशीचे काळे ठिपके होते. 'एवढे वर्ष निभेल,' असे म्हणून मी कोणास काही सांगितले नाही. हे लिहितानाही मान खाली जाते.

यवतच्या मुक्कामी मध्यरात्री पाऊस कोसळला. घडीवर कापड उभे फाटले आणि खाली निजलेल्या, सत्तरी उलटलेल्या एक आजी चिंब भिजल्या. वरवंडला त्यांना ताप भरला. मुलगा येऊन घरी घेऊन गेला. बावीस वर्षांची त्यांची अखंड वारी त्या साली मोडली. जाताना त्या म्हणाल्या, "मास्तर, कापड जुनं झालं असंल. मनाला लावून घेऊ नगा." दोष कापडाचा नव्हता, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

कालिदासाने रघुवंशात अजाच्या प्रवासातील राजतंबूस 'उपकार्या' म्हटले आहे. विद्यार्थ्यांस मी 'तंबू' एवढाच अर्थ सांगून पुढे जात असे. 'जिच्यावर उपकार करावयाचा ती' हा त्या शब्दातला धात्वर्थ मला यवतला कळला. आधी तिची सेवा, मग तिचा आसरा.

नवी राहुटी मी स्वखर्चाने शिवून घेतली. आता चिखल वाळू देऊन कुंचल्याने झाडतो, साबण लावीत नाही. शिवणी कोरड्या झाल्याखेरीज घडी घालीत नाही, आणि घडी दर वेळी निराळ्या जागी मोडतो. नातवंडे पवना धरणाच्या काठी नायलॉनचा तंबू नेतात. त्यांनाही हाच नियम लावला आहे. नायलॉन सुतासारखे कुजत नसले, तरी ओल्या घडीत त्याच्यावरचा लेप सुटतो.

पुढल्या वर्षी आजी पुन्हा आल्या. राहुटीत शिरण्यापूर्वीच मी त्यांना खरे ते सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग कापड बोटांनी चाचपून म्हणाल्या, "आता कोरडं हाय ना?" आणि त्यांनी आपले गाठोडे पूर्वीच्याच जागी ठेवले.