समुद्राकाठची गोडी विहीर

पश्चिम रेल्वेच्या वाणगाव स्टेशनावर उतरून समुद्राच्या दिशेने रस्ता धरला, की चिंचणी गाव लागते. पालघर जिल्हा, डहाणू तालुका. खाडीपलीकडे तारापूर. किनाऱ्यावर सुरूची दाट राई. मुंबईकर सुट्टीला येतात, वाळूत फिरतात आणि परत जातात. आपण शेतकरी माणसे. आपण सुरूच्या आतल्या अंगाच्या वाड्या आणि विहिरी पाहाव्यात.

समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी विहिरीला गोडे पाणी कसे? वाळूत मुरलेले पावसाचे पाणी हलके असते. जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर ते दुधावरच्या सायीसारखे तरंगते. भूजलशास्त्राचा ठोकताळा असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ फूट उंच असेल, तर खाली साधारण ४० फूट गोडे पाणी असते. म्हणजेच उपशाने ती पातळी १ फूट उतरली, की कालांतराने खारे पाणी ४० फूट वर सरकते! रहाटाने ओढलेले पाणी पाऊस भरून काढी. मोटार रात्रभर चालली तर तो तरी किती पुरा पडणार? मग पाणी मचूळ होते, पानांच्या कडा करपतात, झाड खंगते. त्यात हवामान बदलते आहे आणि समुद्राची पातळीही वाढते आहे.

२० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून कारखान्यांवर बंधने घातली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने देखरेखीसाठी प्राधिकरण नेमले गेले. कारखान्याला कायद्याने आवर घातला. पण आपल्या मोटारीला आवर घालायला दिल्लीहून कोण येणार?

उपाय आपल्या दारातच आहेत. १०० चौरस मीटर छपरावर १००० मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लाख लिटर पाणी होते. ते पन्हळीने वाळू-खडीच्या खड्ड्यात सोडून मुरवावे. झाडाच्या आळ्यात नारळाची सोडणे, पेंढा आणि सुरूचा पाला पसरावा; ओल टिकते, पाणी कमी लागते. पाटाऐवजी ठिबक घ्यावे. मोटार एका दमात न चालवता थोडी थोडी चालवावी. सुरूमुळे खारा वारा अडतो आणि खाडीकाठच्या तिवरांमुळे लाटेचा जोर मोडतो. म्हणून सरपणासाठी दोन्हींवर कोयता चालवू नये. दिवाळीनंतर आणि मे महिन्यात विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून क्षारांचा आकडा वहीत लिहून ठेवावा.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपण मोटार आवरली, पण शेजाऱ्याची रात्रभर चालली, तर उपयोग नाही. खारे पाणी कोणाचा बांध ओळखत नाही. म्हणून उपशाचा नियम ग्रामसभेतच ठरवावा, आणि तो पाळायची सुरुवात ज्याची मोटार मोठी त्याने करावी.