ठमीची वाट

ठमी आमच्याकडे आली ती २००९च्या जुलैत, भाजीच्या पिशवीतून. शेजारच्या बांधकामावर वाळूच्या ढिगाऱ्यात कुत्रीची चार पिल्लं होती. तिघांना कुणी कुणी नेलं, ही मागे राहिली. तांबूस रंग, छातीवर पांढरा ठिपका, एक कान उभा आणि एक पडका. साडेतेरा वर्षं ती आमच्यात होती आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक सकाळ तिने वेताळ टेकडीवर काढली.

वेताळ टेकडी ही पुणे शहरातल्या सगळ्यात उंच जागांपैकी एक. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. पण शहरच साडेपाचशे मीटरच्या वर वसलेलं, त्यामुळे चढ अडीचशे मीटरचासुद्धा भरत नाही. एवढ्याशा टेकडीवर वाट काय चुकायची, असं खालून बघणाऱ्याला वाटतं. पण चुकते. पंचवटीकडून, गोखलेनगरकडून, पाषाणकडून, कोथरूडकडून माणसं चढतात आणि ज्याने त्याने आपापली पायवाट पाडलेली असते. एखाद्या दगडावर कुणी चुन्याचा बाण मारून ठेवतो, पुढच्या पावसात तो धुऊन जातो. मे महिन्यात माळ इतका उघडा पडतो की जिकडे बघावं तिकडे वाटच. सप्टेंबरात गवत कमरेला लागलं की एकही दिसत नाही.

सुरुवातीला मी ठळक दिसेल ती वाट धरायची आणि घाणेरीच्या जाळीत जाऊन अडकायची. एकदा शेळ्या चारणाऱ्या मामांनी लांबून हाक मारली, ‘‘ताई, माघारी फिरा. ती शेळ्यांची वाट हाय. शेळी खायला जाती, तिला कुठं पोचायचंय?’’ तेव्हापासून मी ठमीवर सोपवलं. दोरी माझ्या हातात असायची, पण फाट्यावर नाक खाली घालून कुठे वळायचं ते ती ठरवायची. जिथून माणसं रोज जातात तो वास तिला लागत असावा. शेळ्यांच्या वाटेला ती एकदाही लागली नाही.

दोरीचं मुद्दाम सांगते. टेकडीवर कुत्रं मोकळं सोडू नये, या मताची मी आहे. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची अंडी घालते आणि मोर तर पावलोपावली. ठमी स्वभावाने गरीब होती, पण मोर दिसला की तिचं अंग थरथरायचं. त्या थरथरण्यावर विश्वास ठेवून कुणाचं घरटं पणाला लावायचं नाही.

२०१३च्या जुलैतली एक सकाळ मला अजून स्वप्नात दिसते. वर पोचलो आणि ढग खाली उतरले. दहा पावलांपलीकडचं झाड दिसेना. वेताळाचं देऊळ डावीकडे असायला हवं म्हणून मी डावीकडे वळले, आणि ठमी बसली. ओढलं तर पाय रोवून मागे रेटायला लागली. मी रागावले, दोरीला हिसका दिला. ती हलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. दहा-बारा मिनिटांनी वाऱ्याची झुळूक आली तेव्हा समोर, पुरते वीस फूटही नसतील, जुन्या दगडखाणीचा कडा होता आणि खाली साचलेलं हिरवं पाणी. मी तिथेच खाली बसले आणि तिला पोटाशी धरलं. तिला काय कळलं होतं ते मी नेमकं सांगू शकत नाही. तळाच्या पाण्याचा वास वर येत असेल. पण त्या दिवसानंतर मी तिच्या दोरीला कधी हिसका दिला नाही.

२०१५मध्ये घरात दुसरं कुत्रं आलं, भुंगा. काळाकुळकुळीत, सतत गिरक्या घेणारा. ठमीने त्याला लाड करून काही शिकवलं नाही. तो वाटेबाहेर गेला की ती थांबायची आणि तो परत येईपर्यंत थांबूनच राहायची. दोन महिन्यांत तो सरळ झाला.

टेकडीने तिला दुखावलं ते २०१९च्या नोव्हेंबरात. कुसळी गवत तेव्हा वाळून तांबूस झालेलं असतं. त्या कुसळाची घडण बघण्यासारखी आहे. टोकाला मागे वळलेले बारीक केस, त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. शेपटाला पीळ असतो. ओल लागली की तो उलगडतो, वाळला की पुन्हा वळतो आणि बी जमिनीत असं फिरत फिरत आत शिरतं. जमिनीत शिरण्यासाठी असलेली ही सोय कातडीतही तशीच चालते. ठमी पुढचा उजवा पंजा चाटायला लागली. पहिल्या डॉक्टरांनी वरवर बघून मलम दिलं. तीन आठवड्यांनी पंजा सुजून गळू झालं. दुसऱ्या डॉक्टरांनी भूल देऊन जखम उघडली, तेव्हा बोटांच्या फटीतून शिरलेलं कुसळ पार वर मनगटापर्यंत पोचलेलं होतं. मी रोज तिच्या पाठीवरून हात फिरवत होते, गोचीड शोधत होते. बोटं फाकवून मात्र एकदाही बघितलं नव्हतं. ती पुढे कायम थोडी लंगडत राहिली.

२०२१मध्ये दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आता टेकडी बंद, असं घरच्यांनी ठरवलं. ती पहाटे दारापाशी जाऊन उभी राहिली, तेव्हा कुणाला नाही म्हणता आलं नाही. तिला वाट पाठ होती. मेडशिंगीच्या झाडापाशी उजवीकडे, मग उतरता मुरूम, मग एक उंच खडक. खडकाच्या एक पाऊल आधीच ती पंजा वर उचलायची. २०२२च्या पावसात एक उंदीरमारीचं झाड त्या वाटेवर आडवं पडलं. भुंगा फांद्यांसमोर भुंकत राहिला. ठमीने खोडाला नाक लावलं, बुंध्यापर्यंत हळूहळू हुंगत गेली आणि लोकांनी पाडलेली नवी वळणवाट शोधून काढली. तिला पडलेलं झाड दिसलंही नव्हतं.

२०२३च्या फेब्रुवारीत, घरातच, झोपेत ती गेली. टेकडीवर तेव्हा उंदीरमारी गुलाबी फुलली होती.

भुंगा आणि मी अजून त्याच वाटेने जातो. माझ्या खिशात कुसळं काढायला भुवयांचा चिमटा असतो. कुत्रं घेऊन टेकडी चढणाऱ्यांनो, दसऱ्यापासून पुढे गवत वाळायला लागलं की एवढं कराच : घरी आल्यावर आपले बूट काढायच्या आधी त्याचे चारही पंजे उलटे करा, एकेक बोट फाकवून बघा आणि कानातही बघा.